खाऱ्या पाण्याच्या टाकीत गोगलगायी किती?

गोड्या पाण्यातील सोनेरी माशांची टाकी आपल्या घरांना नवी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील कितीतरी मराठी दिवाणखान्यांत ती वर्षानुवर्षे नांदत आली आहे. समुद्रातील मासे पाहावयाचे, तर मात्र मुंबईस गेल्यावर मुलांना बरोबर घेऊन मरीन ड्राइव्हवरील, १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची वाट धरावी लागे. पुढे कृत्रिम समुद्रमीठ, लहान पंप आणि कमी वीज खाणारे दिवे बाजारात आले, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरांतही दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडण्याची हौस रुजू लागली. ज्यांच्या घरी मुलांच्या आग्रहाने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो त्या माशांविषयी मात्र नाही. माशांच्या मागोमाग, बहुधा फारशी चौकशी न होताच घरी येणाऱ्या गोगलगायी, खेकडे आणि कोळंब्या यांच्याविषयी आहे.

घडते ते असे. टाकी मांडून तीन-चार आठवडे होतात आणि काचेवर, वाळूवर तपकिरी साय धरू लागते. पाठोपाठ हिरवे डाग दिसतात. गृहस्थ घाबऱ्याघाबऱ्या दुकान गाठतो. दुकानदाराजवळ उत्तर तयारच असते, सफाईची पलटण! दहा-बारा गोगलगायी, तितकेच शंखातले खेकडे, एखादा तारामासा, एक लाल कोळंबी. दर गॅलन पाण्यामागे एक गोगलगाय, असा परदेशातून आलेला एक हिशेबही तो ऐकवतो. पंधरा दिवसांत काच आरशासारखी लख्ख होते, घरची मंडळी खूश होतात, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्या पलटणीतील निम्मे जीव एकामागून एक उपाशी मरतात. कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. कारण मेलेल्या गोगलगायीचा शंख जिवंत गोगलगायीच्या शंखासारखाच दिसतो, आणि मासा मेल्यावर होते तशी हळहळ तिच्यासाठी कोणी करीत नाही.

मुळात तो हिशेबच उफराटा आहे. तो पाण्याच्या मापावर बेतलेला आहे, आणि गोगलगाय पाणी खात नाही, शेवाळ खाते. पंगतीत पाने किती मांडावयाची, हे मांडवाच्या लांबीरुंदीवर कोणी ठरवीत नाही. कोठीत शिधा किती आहे ते पाहूनच ठरवितात.

ज्याने ही युक्ती प्रथम नीट करून पाहिली आणि लिहून ठेवली, त्याने हेच केले होते. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्याने बारा गॅलनच्या पात्रात दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे पाणी न बदलता जगतील, ही अपेक्षा. परंतु थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातील पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. पुढे समुद्राच्या पाण्यावरही त्याने हाच प्रयोग केला, आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाने १८५४ साली आपल्या ग्रंथातून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुजविला. वॉरिंग्टनच्या प्रयोगातील क्रम मात्र नंतरच्या हौशी मंडळींच्या विस्मरणात गेला. त्याने आधी खाद्य साचलेले पाहिले आणि मग ते खाणारा जीव आणला. आणि तोही पाच-सहाच.

आणखी एक गैरसमज येथेच दूर झालेला बरा. गोगलगाय घाण नाहीशी करीत नाही. तिचे रूप बदलते. तिने खाल्लेल्या शेवाळाचा काही अंश तिच्या अंगी लागतो, बाकीचा विष्ठा होऊन वाळूत पडतो. त्यातून अमोनिया निघतो. वाळूतले आणि खडकांतले सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. आणि नायट्रेट हे पुन्हा शेवाळाचे खत. हे चक्र टाकीतल्या टाकीत फिरत राहते. त्यातून घाण खरोखर बाहेर काढणारी वस्तू एकच, ती म्हणजे आपली बादली. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालणे, पुढची काच हाताने पुसणे आणि माशांना दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे घालणे, ही तीन कामे जो करीत नाही, त्याच्या टाकीला शंभर गोगलगायीही स्वच्छ ठेवू शकणार नाहीत. उलट त्या शंभर जीवांची भर घाणीतच पडेल.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. उदाहरणासाठी चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच अशी टाकी घेऊ. हिच्यात काठोकाठ सत्तर लिटर पाणी मावते. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती उरते ते सुमारे पंचावन्न लिटर. त्यासाठी समुद्रमीठ लागते साधारण दोन किलो. घरचे खाण्याचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात आणि शंख बांधावयास कॅल्शियम लागतेच. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे. अमोनिया व नायट्राइट तपासणीत शून्य येईपर्यंत, म्हणजे सामान्यतः चार ते सहा आठवडे, एकही जीव आणू नये.

काचेवरील व खडकांवरील साय खाणाऱ्यांत माझी पहिली पसंती ट्रोकस या शंकूच्या आकाराच्या गोगलगायीस. तिच्या जिभेवर किसणीसारखे सूक्ष्म दातांचे पट्टे असतात. हिरवट काचेवरून ती रात्रभर फिरली, की सकाळी शेणाने सारवलेल्या अंगणात हाताचे फराटे दिसावेत तशी वळणे उमटलेली दिसतात. परंतु तिचा खरा गुण वेगळाच आहे. वाळूवर उताणी पडली तरी ती स्वतःच्या बळावर पालथी होऊ शकते. तिच्याहून स्वस्त म्हणून विकली जाणारी ॲस्ट्रिया नावाची गोगलगाय शेवाळ चांगले खाते, पण उताणी पडली की बहुधा तशीच पडून राहते आणि खेकड्यांच्या तोंडी जाते. नोकरीधंद्यामुळे दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी हा फरक जरूर ध्यानात घ्यावा. ट्रोकसच्या कुळातील एक मोठी जात अंदमान-निकोबारकडे सापडते. तिच्या शंखापासून पूर्वी बटणे बनवीत. ती आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. म्हणून विकावयास ठेवलेला माल कोठून आला, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे.

वाळूसाठी सेरिथ. ही लांबट, मनोऱ्यासारखी, बोटाच्या पेराएवढी गोगलगाय दिवसा वाळूत दडते आणि रात्री बाहेर पडून तपकिरी साय, सडका पालापाचोळा, उरलेसुरले खाणे असे सर्व काही खाते. दिसावयास अगदी सामान्य. लहान टाकीत हिच्याइतका उपयोगी जीव मात्र विरळा.

नॅसेरियस ही गोगलगाय पुष्कळांना फसविते. तीही वाळूतच राहते, आणि सोंडेसारखी नळी तेवढी बाहेर काढून ठेवते. माशांचे खाणे पाण्यात पडले की त्याचा वास तिला लागतो, आणि क्षणात वाळू फाकून ती बाहेर येते. मुलांना हा देखावा अतिशय आवडतो. परंतु शेवाळाला ती तोंडही लावीत नाही. ती मांसाहारी आहे. मेलेले, सांडलेले, वाया गेलेले तेवढे खाते. जेथे मासे दोनच आणि घरधनीण खाणे मोजून घालणारी, तेथे हिला उपासच घडावयाचा. तेव्हा दोन पुष्कळ झाल्या.

कोकण-गोव्याच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी चिकटून बसलेली दिसते ती गोलसर गोगलगाय नेराइट. शेवाळ खाण्यात पटाईत. पण भरती-ओहोटीची सवय अंगी मुरलेली असल्याने टाकीतून वर चढून बाहेर पडण्याची खोड तिला असते, आणि काचेवर ती घालते ते अंड्यांचे पांढरे ठिपके खरवडता खरवडत नाहीत. टाकीस झाकण असेल तरच तिचा विचार करावा.

शंखात राहणाऱ्या खेकड्यांविषयी माझे मत थोडे कडक आहे. समुद्रकाठी रिकामा शंख पाठीवर घेऊन तुरुतुरु चालणारा हा प्राणी कोणी पाहिला नसेल! मुले त्याच्यावर लुब्ध होतात, आणि तो शेवाळाचे तंतू व सांडलेले अन्न खातो हेही खरे. परंतु अंग वाढले की जुने बिऱ्हाड त्याला अपुरे पडते. नवे रिकामे बिऱ्हाड न मिळाल्यास तो शेजारच्या गोगलगायीला ठार करून तिच्या घरात शिरतो. सफाईसाठी दहा गोगलगायी आणि दहा खेकडे एकाच पिशवीत देणारा दुकानदार निम्म्या गोगलगायींचा निकाल जणू आधीच लावून देतो. ठेवावयाचाच असेल तर लहान जातीचा एक, फार तर दोन ठेवावे, आणि त्याच्या अंगाहून थोडे मोठे असे पाच-सहा रिकामे शंख वाळूत टाकून ठेवावे. ते गोड्या पाण्यात उकळून घेतलेले असावेत. रंगविलेले शोभेचे शंख नकोत.

लाल पाठीवर पांढरा पट्टा आणि लांबलचक पांढऱ्या मिशा असलेली सफाई-कोळंबी ही या मंडळींतील राजकन्या. ती माशांच्या अंगावरील परोपजीवी कीटक टिपते. मासेही तिच्यापुढे स्थिर उभे राहून अंग साफ करून घेतात. शेवाळाशी तिचा संबंध नाही, खाली पडलेले खाणे मात्र ती उचलते. एकच ठेवावी. काही आठवड्यांनी सकाळी टाकीत एक पारदर्शक, मिशांसकट अखंड कोळंबी निपचित पडलेली दिसेल आणि घरात रडारड होईल. ती कोळंबी मेलेली नसते. तिने टाकलेली कात असते. नव्या, मऊ अंगाने ती एखाद्या खडकाआड लपलेली असते, आणि दोन-तीन दिवसांत बाहेर येते.

बाकीच्यांचा समाचार थोडक्यात घेतो. वाळू चाळणारा तारामासा वाळूतील सूक्ष्म जीवांवर जगतो. दोन फुटी टाकीतील वाळू तो काही आठवड्यांत रिकामी करतो आणि मग उपासमारीने झिजतो. तो घेऊच नये. समुद्रससा या नावाचा मऊ, बिनशंखाचा प्राणी लांब केसाळ शेवाळ झपाट्याने खातो आणि शेवाळ संपताच त्याचीही तीच गत होते. समुद्रकाकडी भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे ती बाळगणे हा गुन्हा. शिवाय पंपात सापडून चिरडली तर तिच्या अंगातील विषाने सारी टाकी दगावू शकते. प्रवाळही त्याच वर्षापासून त्याच संरक्षणाखाली आले आहेत, तेव्हा कोणी प्रवाळयुक्त ‘जिवंत खडक’ देऊ केला तर हात जोडून नकार द्यावा. आणि टँग जातीचे मासे शेवाळ खातात म्हणून कोणी सुचविले, तर त्यांना आपल्या टाकीच्या कित्येक पट पाणी लागते, हे ऐकवावे.

तर मग आपल्या पंचावन्न लिटरांसाठी आकडा कोणता? काचेवर तपकिरी साय दिसू लागली की दोन ट्रोकस आणि तीन सेरिथ. मासे येऊन महिना लोटला की दोन नॅसेरियस. त्यानंतर, सर्व ठीक असेल तर, एक कोळंबी. पलटण भासावी इतकी ही मंडळी नव्हेत, याची कल्पना आहे. दुकानदार हसेल. परंतु महिनाभर थांबून पाहावे: बाजूच्या काचांवर व खडकांवर थोडे शेवाळ शिल्लक दिसत असेल, तर आकडा बरोबर आहे. ते वाढतच असेल, तर प्रथम माशांचे खाणे आणि दिव्याचे तास कमी करावे, आणि त्यानेही भागले नाही तरच एक ट्रोकस वाढवावी. सगळ्याच काचा सदैव लख्ख राहत असतील, तर ते कौतुकाचे नव्हे, काळजीचे लक्षण आहे. गडद लाल, चिकट पापुद्रा वाळूवर पसरला, तर तो शेवाळ नसून एक प्रकारचे जंतू आहेत. बहुतेक गोगलगायी त्याला तोंड लावीत नाहीत. नळीने ओढून काढणे आणि पाण्याचा प्रवाह वाढविणे हाच त्यावर उपाय.

हे जीव टाकीत सोडताना घाई करू नये. मासा जे सोसतो ते गोगलगायीला व कोळंबीला सोसत नाही. पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग जीव पिशवीतल्या पाण्यासकट भांड्यात घेऊन, गाठ मारलेल्या बारीक नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब तासभर त्यात पडू द्यावे. हे भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे. तांब्याची भांडी आपल्या घरांत शुभ आणि आरोग्यदायी मानली जातात, पण गोगलगायी, खेकडे आणि कोळंब्या यांना तांबे हे जालीम विष आहे. टाकीचे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये, पितळी तपेल्याने घालू नये. आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आल्यास दुकानात मिळणारे तांबेयुक्त औषध या टाकीत कदापि टाकू नये. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून त्याच्यावर तेथेच उपचार करावे.

माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे वैशाखात दुसरा धोका असतो. या जीवांना चोवीस ते सत्तावीस अंश उष्णता मानवते. खोलीतले पाणी बत्तीस अंशांवर गेले, तर गोगलगायी प्रथम सुस्त होतात, मग काचेवरून गळून पडतात. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडला की दोन-तीन अंशांचा उतार पडतो. पण त्याने पाणी झपाट्याने उडते. उडते ते पाणी, मीठ तेथेच राहते. म्हणून रोजची भर ही शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावयाची. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की खारटपणा हळूहळू चढतो, आणि सर्वांत आधी त्याचा फटका याच मुक्या मंडळींना बसतो.

गोव्याच्या वाचकांना वाटेल, समुद्र दारात असता विकत का घ्यावे? मोह स्वाभाविक आहे, पण आवरावा. खडकांतून उचललेली प्रत्येक गोगलगाय शाकाहारी नसते. काही जाती इतर शंखांना भोके पाडून खातात, आणि शंकूच्या आकाराच्या कोनस कुळातील शंखांच्या विषारी दंशाने माणसे दगावल्याची नोंद आहे. शिवाय मालवणसारखी ठिकाणे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहेत. पावसाळ्यात तर किनाऱ्याचे पाणीही घेण्यालायक नसते. नद्यांच्या पुराने ते गढूळ आणि अळणी झालेले असते.

सर्वांत मोठी सफाई मात्र ज्यांचे पैसे पडत नाहीत, ते जीव करतात. दिवे मालवून तासाभराने विजेरीचा झोत काचेलगतच्या वाळूवर टाकून पाहावे. मिठाच्या कणाएवढे उड्या मारणारे जीव, काचेवर सरकणारे पांढरे ठिपके, खडकाच्या फटीतून डोकावणारी केसाळ अळी, असे पुष्कळ काही दिसेल. इतर जीवांबरोबर ते न कळत आलेले असतात. किळस वाटून त्यांना मारू नये. अळीला उघड्या हाताने मात्र स्पर्श करू नये. तिचे केस बोटात रुततात.

त्याच विजेरीने गोगलगायींची हजेरी घ्यावी. एखादी दिवसभर एकाच जागी पडलेली असेल, तर हळूच उचलून तिच्या तोंडाशी असलेल्या झाकणाला बोट लावावे. झाकण आत ओढले गेले तर ती जिवंत आहे. ढिले पडले असेल आणि वास येत असेल, तर ताबडतोब बाहेर काढावी, कारण पंचावन्न लिटरांत एक मोठी गोगलगाय कुजली तरी अमोनिया चढतो. जिवंत आहे पण काचा सगळ्या स्वच्छ आहेत, असे असेल तर ती भुकेली आहे असे समजावे. नोरी या नावाने वाळविलेल्या समुद्रशेवाळाचे पातळ कागदासारखे तुकडे मिळतात. बिनमिठाचा, बिनमसाल्याचा पाहून दोन बोटे रुंद तुकडा रबराने लहान दगडास बांधावा आणि रात्री तिच्याजवळ ठेवावा. आठवड्यातून दोनदा पुरे. सकाळी उरलेला तुकडा काढून टाकावा.